पिवळ्या नराच्या पाठीवरचा काळा पट्टा

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. ज्यांच्या घरी हे घडलं ते सर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. गावाचं आणि कुणाचंही नाव येऊ नये, एवढ्या एका अटीवर त्यांनी लिहायला परवानगी दिली. मी लग्नाचे फोटो काढतो. माशांचे फोटो त्याआधी कधीच काढले नव्हते.

सरांच्या पुढच्या खोलीत चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी आहे. दगड वजा जाता पाणी साधारण दोनशे लिटर बसतं. त्यात आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे मासे आहेत: आठ येलो लॅब आणि पाच रेड झेब्रा. दोन्ही सिक्लिड कुळातले. आपल्या धरणांतून बाजारात येणारा तिलापिया याच कुळातला आणि कोकणातलं कालुंदरही. पण मलावीच्या या दगडात राहणाऱ्या माशांची, तिथल्या टोंगा भाषेत ज्यांना म्बुना म्हणतात त्यांची, चपळाई वेगळीच. हाताच्या बोटाएवढा मासा एका फटीतून निघतो, टाकी ओलांडतो आणि दुसऱ्या फटीत शिरतो. तेवढ्यात आपली मान अर्धीच वळलेली असते.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळ्या पांढऱ्या पडतात, नळाच्या तोट्या अडकतात. मलावीचं पाणीही अल्कधर्मी असतं, पीएच आठच्या आसपास. त्यामुळे जे पाणी आपण शिव्या देत भरतो, ते या माशांना मानवतं. सरांनी पाण्यात कधी काही घातलं नाही, तरी मासे दोन वर्षं निरोगी होते आणि पिल्लंही होत होती. या जातींत मादी अंडी तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे काही खात नाही. तोंड फुगलेली मादी ओळखायला सर एव्हाना सरावले होते.

अडचण

नाशिकच्या एका हौशी माणसाला येलो लॅबची दहा पिल्लं हवी होती. त्याने आई-बापाचा फोटो मागितला. नुसता फोटो नको, पाठीवरचा पर पूर्ण उघडलेला, कडेने घेतलेला आणि डोळा स्पष्ट असलेला हवा. मागणी रास्त होती. येलो लॅब आणि रेड झेब्रा एका टाकीत ठेवले तर त्यांचा संकर होतो आणि पिल्लं लहानपणी बऱ्यापैकी पिवळीच दिसतात. शुद्ध येलो लॅबच्या पाठीच्या परावर काळा पट्टा सलग आणि ठसठशीत असतो. संकरात तो तुटक होतो, रंग नारिंगीकडे झुकतो, अंगावर पुसट उभे पट्टे दिसतात. सरांनी दोन्ही जाती वर्षभर एकत्र ठेवल्या होत्या, त्यामुळे शंका त्यांच्याही मनात होतीच.

(या माशाच्या शास्त्रीय नावात, लॅबिडोक्रोमिस सेरुलियसमध्ये, 'सेरुलियस' म्हणजे निळा. १९५६ साली नाव देताना जे मासे समोर होते ते निळसर पांढरे होते. पिवळा हा त्याच जातीचा सरोवरातल्या एका भागातला रंग. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला फार गंमत वाटली.)

सरांनी मोबाइलवर शंभरेक फोटो काढले होते. सगळ्यांत एक पिवळी रेघ आणि मागे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. मग त्यांनी मला फोन केला. "भाऊ, तुमच्याकडे मोठा कॅमेरा आहे, या एक दिवस."

वेग आणि उजेड यांचा हिशोब

मोठ्या कॅमेऱ्याने आपोआप काही होत नाही, हे पहिल्या संध्याकाळी कळलं. हिशोब मात्र मी नंतर केला. तो आधीच करायला हवा होता.

येलो लॅब आरामात फिरतानाही सेकंदाला तीसएक सेंटिमीटर जातो असं धरा. शटर १/६०वर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर, असेल तर तेवढ्या वेळात तो पाच मिलिमीटर सरकतो. आठ सेंटिमीटरच्या माशाच्या फोटोत पाच मिलिमीटर म्हणजे डोळाच पुसला गेला. १/२००ला दीड मिलिमीटर सरकतो, तेही चालत नाही. १/१०००ला तीन दशांश मिलिमीटर, इथे कुठे चित्र सावरतं. पण टाकीवरच्या एलईडी पट्टीच्या उजेडात १/१०००चं शटर वापरायचं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, इतका चढवावा लागतो की परावरचा काळा पट्टा कुठे संपतो आणि फोटोतले दाणे कुठे सुरू होतात हे कळत नाही. आम्हाला तर पाहायची होती ती पट्ट्याची कडच.

त्यात स्वस्त एलईडी पट्ट्या विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण वेगवान शटरमध्ये फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटतात. पट्टे शोधायला गेलेल्या माणसाला नसलेले पट्टे दिसणं हे फार वाईट.

पहिली संध्याकाळ

मे महिन्याचा मध्य होता. बाहेर दुपारी अंगाची लाही होत होती, टाकीचं पाणी ३२ अंशांवर गेलं होतं. सर टाकीवर टेबलफॅन सोडून ते कसंबसं उतरवत होते. पाण्यावर लाटा नकोत, बुडबुडे नकोत, म्हणून मी पंखा, फिल्टर आणि एअरपंप तिन्ही बंद करायला सांगितलं. लग्नात मी असाच सांगतो, पंखा बंद करा, पडदा ओढा, आणि लोक ऐकतात. सरांनीही ऐकलं.

वीसएक मिनिटांनी वहिनी चहा घेऊन आल्या. "अहो, हे सगळे वर का आलेत?" मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं लावून उभे होते. मला वाटलं, बरं झालं, स्थिर झाले. सरांनी झटकन एअरपंप लावला.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास, आणि तोही वरून हवा मिसळत राहिली तरच टिकतो. शिवाय पाणी तापलं की माशांना प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे पुरवठा कमी, मागणी जास्त, आणि मी पुरवठाच तोडला होता. त्या दिवशी एका मादीच्या तोंडात अंडी होती. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड रिकामं होतं. त्यामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण मी ते माझ्याच नावावर धरतो.

फोटो साडेतीनशे, कामाचा एकही नाही.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री आम्ही ओट्यावर बसून बोललो. सरांचं म्हणणं, मोबाइलवर व्हिडिओ घेऊन त्यातून चित्र काढू. पण व्हिडिओतलं प्रत्येक चित्रही तेवढाच वेळ उजेड घेतं. मासा तिथेही पुसलाच जाणार, फक्त पुसलेली चित्रं जास्त मिळतील.

दुसरा मार्ग आरशाचा. टाकीच्या बाजूच्या काचेला छोटा आरसा लावला की नराला समोर दुसरा नर दिसतो, तो पर फुलवून उभा राहतो. पाच-दहा सेकंदांसाठी ते चालतं, पण जास्त वेळ झालं की तो मासा जिंकता न येणाऱ्या शत्रूशी झुंजत दमतो. आदल्या प्रकारानंतर सरांना ते नको होतं आणि मीही आग्रह धरला नाही.

तिसरा, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून टाकीच्या वर ठेवायचा आणि मासा त्याच्याच घरात टिपायचा. हा योग्य होता, हे आता सांगतो. पण मासा फ्रेममध्ये येणार कधी, याचं उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हतं. म्हणून आम्ही चौथा निवडला: नराला जाळीने काढून एक फुटाच्या छोट्या टाकीत ठेवायचं, मध्ये काच घालून त्याला पुढच्या काचेजवळ अडवायचं आणि निवांत फोटो काढायचे.

चुकलेला निर्णय

चौथा मार्ग जगभर वापरतात, त्यात मुळात चूक नाही. नदीत, ओढ्यात पकडलेल्या माशाचे कडेने फोटो असेच घेतात. पण म्बुना नराची सगळी शान त्याच्या जागेवर अवलंबून असते. एक फट, एक सपाट दगड आणि त्यांच्याभोवतीची हात-दीड हात जागा, एवढं त्याचं राज्य. जाळी घालायला सरांना निम्मे दगड काढावे लागले, म्हणजे एका नरासाठी आम्ही सगळ्यांचीच घरं मोडली. छोट्या टाकीत नर तळाला टेकून राहिला. पर मिटलेले, कल्ले भराभर हलताहेत आणि पिवळा रंग पाहता पाहता मळकट झालेला. फोटो लख्ख आले, डोळा काचेसारखा स्पष्ट. पण पर मिटलेला होता, रंग खरा नव्हता. नाशिकच्या माणसाने तो फोटो पाहून नकारच दिला असता.

चाळीस मिनिटांनी त्याला परत सोडलं. तोवर दुसऱ्या नराने फट घेतली होती. पुढचे दोन दिवस आमचा नर फिल्टरच्या पाइपमागे, शेपटी फाटलेली. सर फार बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना त्यांनी सगळे दगड हलवून नव्याने रचले. असं केलं की कुणाचीच जुनी हद्द उरत नाही, सगळे पुन्हा शून्यापासून मांडणी करतात आणि भांडण वाटलं जातं. आठवड्याभरात शेपटी भरत आली आणि नराने डावीकडचा सपाट दगड धरला.

इथे मी थांबायचं ठरवलं. उन्हाळा उतरेपर्यंत टाकीला हात लावायचा नाही. नाशिकला सरांनी कळवलं की महिना लागेल. सगळ्या प्रकरणात आमचा पहिला शहाणा निर्णय हाच.

आबांची खाट

सरांचे वडील, आबा, दुपारभर कूलरसमोर खाटेवर असतात आणि टाकी अगदी समोर. मृग लागून दोन सरी पडल्यावर मी पुन्हा गेलो. पाणी २८ अंशांवर आलं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावून माशामागे डावीकडून उजवीकडे फिरवत होतो. आबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, तू त्याना मांगे पयू नको. तो परत आठेच येस." म्हणजे, त्याच्या मागे पळू नको, तो परत इथेच येतो.

त्यांनी काठीने टाकीतला एक दगड दाखवला. मी कॅमेरा खाली ठेवला, वही घेतली आणि अर्धा तास नुसता बघत बसलो. नर सपाट दगडावरून निघायचा, उजवीकडे जायचा, तांबूस दगडाच्या टोकाशी पोहोचला की पलीकडचा नर पुढे यायचा. दोघं क्षणभर समोरासमोर, मग आमचा नर वळायचा आणि परत. अर्ध्या तासात सव्वीस फेऱ्या झाल्या, त्यांतल्या एकोणीस त्याच टोकाशी वळल्या. खाणं टाकल्यावर मात्र हा क्रम मोडतो, सगळे वर धावतात आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं काही खरं नसतं. आबा खाण्याच्या वेळी जेवायला आत जात, म्हणून ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

वळणाच्या टोकाशी तीन गोष्टी एकदम होत होत्या. वळताना वेग जवळपास शून्यावर यायचा, अंग काचेला समांतर व्हायचं आणि हद्दीवरच्या शेजाऱ्याला दाखवायला पाठीचा पर पूर्ण उघडायचा. नाशिकला हवा होता तो फोटो तिथे दर मिनिट-दीड मिनिटाला आपणहून तयार होत होता.

मांडणी

जागा ठरल्यावर बाकीचं काम सोपं झालं, पण बारकाव्यांनी वेळ घेतला. टाकीवरच्या काचेच्या झाकणावर क्षारांचे पांढरे डाग होते, त्यातून फ्लॅशचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी पडला असता. झाकण बाहेर काढून लिंबाने घासलं, भरपूर पाण्याने धुतलं. मागच्या काचेवरचा प्रवाळांचा पोस्टर काढून काळं कार्डशीट लावलं. पुढची काच आतून जुन्या एटीएम कार्डाने खरवडली. आदल्या दिवशी सरांनी पाव पाणी बदललं होतं. त्याच दिवशी बदललं असतं तर उठलेला गाळ आणि बुडबुडे फ्लॅशमध्ये चांदण्यांसारखे चमकले असते.

दोन फ्लॅश झाकणावर उलटे ठेवले, खाली ट्रेसिंग पेपर. एक पुढच्या काचेच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडची कूस उजळेल. दुसरा मागे, पाठीची कड सुटी दिसेल. तळाची वाळू फिकट असल्याने पोटाखाली उजेड आपोआप परतला. फ्लॅश पाण्यावर आहे हे विसरू नका. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोरीने खिडकीच्या गजाला बांधले होते.

फ्लॅश १/१६ ताकदीवर होते. कमी ताकदीवर फ्लॅशची लकेर आखूड होते, सेकंदाचा पाच हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. मासा गोठवते ती ही लकेर. शटर १/२०० असलं तरी फरक पडत नाही, कारण अपर्चर (लेन्सचं उजेडासाठीचं भोक) ११ आणि आयएसओ २००ला खोलीतला उजेड फोटोत उमटतच नाही. म्हणूनच एलईडी पट्टी चालू ठेवता आली. ती हवीच होती. अंधारात एकदम लखलखलं तर मासे बिथरतात. दिवा चालू असताना ते पहिल्या पाच-सात फ्लॅशला दचकले आणि मग त्यांनी लक्ष देणं सोडलं.

लेन्सचाही धडा मिळाला. माझी ८५ मिलिमीटरची महागडी लेन्स पाऊण-एक मीटरच्या आत फोकसच करत नाही, मासा फ्रेममध्ये चिमुकला राहतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची साधी लेन्स ५५वर ठेवून काचेच्या जवळ नेता येते. तीच वापरली, काचेला काटकोनात धरून. तिरकं धरलं की काच आणि पाणी मिळून चित्र मऊ करतात, कडांना रंग फुटतात. अपर्चर ११ला या अंतरावर सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर खोलीच स्पष्ट मिळते. कडेने उभा असलेला मासा त्यात मावतो, तिरका मावत नाही.

फोकस आधीच बांधून ठेवला. त्यासाठी आइस्क्रीमचा पिवळा प्लास्टिकचा चमचा धुऊन, दोऱ्याला खड्यासकट बांधून तांबूस दगडाच्या टोकाशी सोडला. पिवळाच का, तर पिवळ्या रंगात लाल वाहिनी, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, सगळ्यांत आधी फुटते आणि तिथला तपशील जातो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान दिसतो आणि नंतर कळतं की खवल्यांचा पत्ताच नाही. चमच्यावर पाहून उजेड पाऊण स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी केला, मग चमचा काढला.

फिल्टर आणि एअरपंप पूर्ण वेळ चालू होते. फिल्टरचं तोंड मागच्या काचेकडे वळवलं, एअरस्टोन दुसऱ्या टोकाला सरकवला. हललेल्या पाण्यातून फ्लॅश गेला की माशाच्या पाठीवर उजेडाच्या वेड्यावाकड्या रेघा पडतात, म्हणून एवढी खबरदारी.

मी गडद शर्ट घातला, ट्यूबलाइट घालवली, टाकीसमोर काळी चादर धरायला सरांना उभं केलं. आणि तांबूस दगडावर रोखून बसलो.

काय निघालं

सव्वा तासात एकशे चाळीस फोटो झाले. अकरांमध्ये डोळा लख्ख होता, तिघांत पर पूर्ण उघडा. काळा पट्टा पहिल्या काट्यापासून शेवटपर्यंत सलग, वर फिकट कड, अंगावर एकही उभा पट्टा नाही. सर बराच वेळ काही न बोलता पडद्याकडे बघत होते.

मग त्यांनीच सुचवलं, माद्यांचेही काढू. माद्यांची फेरी अशी ठरलेली नसते, त्यामुळे दोन दिवस गेले. चार माद्या होत्या. तिघी स्वच्छ निघाल्या. चौथीच्या पाठीचा पट्टा मध्येच विरत होता आणि कुशीवर पुसट उभ्या छटा होत्या. दोन वर्षं रोज समोर असलेला मासा, पण हलत्या अंगावर ते कधीच दिसलं नव्हतं.

इथला निर्णय सरांचा. फोटोने शुद्धता सिद्ध होत नाही. दिसायला चोख असलेला मासाही संकर असू शकतो. फोटोवरून फक्त संशयित बाजूला काढता येतो. त्यांनी नाशिकला चारही माद्यांचे फोटो पाठवले, दोन्ही जाती वर्षभर एकत्र होत्या हेही लिहिलं, आणि आधीच वाढत असलेली पंधरा पिल्लं कुठल्या आईची हे माहीत नसल्याने ती देणार नाही असं कळवलं. रेड झेब्रा आणि ती चौथी मादी आता वेगळ्या टाकीत आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

मी मे महिन्यात जाणारच नाही. जायचंच झालं तर पहाटे, पाणी सगळ्यांत थंड असताना, आणि हवा बंद न करता. अंडी तोंडात असलेली मादी टाकीत असेल तर ती सोडेपर्यंत थांबेन. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढणार नाही. वही घेऊन बसेन आणि ज्यांचा वेळ टाकीसमोर जातो त्यांना विचारेन. आम्ही तीन आठवडे आबांच्या खाटेला वळसा घालून ये-जा करत होतो.

जाळी वापरायची की नाही, यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते माद्यांसाठी छोटी टाकी चालली असती, कारण त्यांची हद्द नसते आणि दोन दिवस वाचले असते. मला वाटतं, पर उघडा हवा असेल तर मासा त्याच्या घरातच हवा, मग मादी का असेना.

श्रावणात तिघींपैकी एकीने पुन्हा अंडी घेतली. सरांनी तिला हात लावला नाही. बाविसाव्या दिवशी तिने फटीत पिल्लं सोडली, सर त्यांतली चौदा बाजूला काढू शकले. ती आता पाऊण इंचाची झाली आहेत आणि पाठीवर काळी रेघ जेमतेम धरते आहे. नाशिकचा माणूस थांबायला तयार आहे. रेघ भरली की मी पुन्हा जाणार. आबांनी छोट्या टाकीसमोर खाट सरकवली आहे.